मुलाला पकडल्याचा फोन आणि ‘जामिनाचे’ पैसे

पोरगा पुण्यात शिकायला, आईवडील नागपुरात. अशा घरांत हा फोन बहुतेक भरदुपारी येतो, पोरगा वर्गात असतो तेव्हा. डीपीवर खाकी वर्दीतला फोटो, आवाज दरडावणीचा. "तुमचा मुलगा मित्रांसोबत बलात्काराच्या केसमध्ये सापडलाय. एफआयआर अजून लिहिली नाही. वाचवायचं असेल तर फोन ठेवू नका." मागे कुणीतरी "बाबा, वाचवा" म्हणत रडतं. आधी 40 हजार मागतात. ते गेले की पत्रकारांना गप्प करायला आणखी, मग जामिनाचे. नागपुरात मनीषनगर असो की जरीपटका, सांगायची पद्धत तीच.

"फोन ठेवू नका" यातच सगळी गोम आहे. फोन ठेवला की आई पोराला फोन लावते.

लोक फसतात त्याला कारण आहे. खरी अटक झाली तरी घरी फोन येतोच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 48 नुसार नातेवाइकाला किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला अटकेची आणि ठेवलेल्या जागेची माहिती देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. पण त्या फोनमध्ये पैशांचा विषय नसतो. म्हणून चारच गोष्टी विचारा: ठाणं कोणतं, गुन्हा नोंद क्रमांक काय, कलमं कोणती, तपास अधिकारी कोण. लिहून घ्या आणि फोन ठेवा. पोराला, त्याच्या रूममेटला, होस्टेलला फोन लावा. ठाण्याचा नंबर स्वतः शोधा, समोरच्याने दिलेला वापरू नका.

बलात्काराचा गुन्हा ठाण्यात ‘मिटवायचा’ अधिकार कुठल्याच पोलिसाला नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन ठाण्यातच मिळतो, तोही बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर. बलात्कारासारख्या गुन्ह्यात तो कोर्ट ठरवतं. आरोपीला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. यूपीआयवर जामीन भरायची सोय यात कुठेही बसत नाही.

पैसे गेलेच असतील तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मग बँक. पैसे पुढच्या खात्यांत वळते व्हायच्या आत होल्ड लागला, म्हणजे रक्कम गोठवली गेली, तरच हाती काही राहतं, म्हणून नातेवाइकांशी सल्लामसलत नंतर. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) नंबर, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. लाजेपोटी बरेच जण चॅट आणि कॉल लॉग पुसून टाकतात; तोच तर पुरावा असतो.

मग जवळच्या ठाण्यात जा. "खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तिकडे जा" हे कारण चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. इथे आणखी एक घोळ होतो. अर्जावर शिक्का मारून पोच मिळते आणि लोक तिलाच एफआयआर समजून घरी येतात. एफआयआरवर क्रमांक, वर्ष आणि कलमं असतात (इथे बहुधा भारतीय न्याय संहितेची 318(4), 319(2), 204 आणि आयटी कायद्याचं 66डी), आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. नोंदवायला नकार दिला तर तक्रार लेखी, टपालाने परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

होल्ड झालेली रक्कम सोडवायला कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली अर्ज करता येतो. मध्येच कुणी "सायबर सेलमधून रिफंड काढून देतो, दहा टक्के आधी द्या" म्हणाला, तर ती दुसरी फसवणूक समजा आणि तो नंबरही तक्रारीत घाला.