‘आर’ वापरून आठ महिने झाले

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र घेतलं आणि चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ‘आर’ हे संख्याशास्त्राच्या आकडेमोडीचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट आहे आणि एवढ्याशा मशीनवरही निवांत चालतं. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ते तयार केलं.

पहिला महिना वैतागाचा गेला. सरासरी काढणाऱ्या ‘मीन’ या फंक्शनचं पहिलं अक्षर कॅपिटल पडलं तरी असं फंक्शनच नाही म्हणून सांगतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे ते तांबडे इंग्रजी संदेश बघूनच धडकी भरायची.

पण खरी गोष्ट घडली ती प्रमाण विचलनापाशी, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापापाशी. 2, 4, 4, 4, 5, 5, 7, 9 हे आकडे. वहीत मध्य (म्हणजे सरासरी) 5, प्रमाण विचलन 2. ‘आर’चं उत्तर मात्र 2.138. दोन दिवस मी टायपिंगची चूक शोधत होतो. चूक नव्हतीच. मी मध्यापासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला 8 ने भागलं होतं, ‘आर’ 7 ने भागतं. एन, म्हणजे आकड्यांची संख्या, वजा एक. वर्गात हे सांगितलं होतं, मी लिहूनही घेतलं होतं, पण का ते उमगलं नव्हतं.

मग फासा घेतला. फाशाचं प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, कागदावर काढता येतं: 35 भागिले 12, म्हणजे 2.92. ‘आर’ला सांगितलं, पाच वेळा फासा टाक, प्रचरण काढ, असं दहा हजार वेळा कर. पाचने भागून आलेल्या उत्तरांची सरासरी 2.33 च्या आसपास, चारने भागून आलेल्यांची 2.92 च्या आसपास! नमुन्याचा मध्य त्याच पाच आकड्यांतून काढलेला, म्हणून ते आकडे खऱ्या मध्यापेक्षा त्याच्याच जवळ असतात आणि विस्तार कमी भासतो. हे मी त्या रात्री पहिल्यांदा समजलो. नुसत्या सूत्रावरून मला ते कधीच कळलं नसतं.

वाढदिवसाचं गणितही तसंच पडताळलं: 23 जणांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची संभाव्यता 0.507.

उणिवाही सांगतो. परीक्षेत ‘आर’ नसतं, तिथे कॅल्क्युलेटर आणि हात. ऑक्टोबरात मी हाताने गणितं सोडवणं बंद केलं आणि सत्र परीक्षेत मार्क गेले. आता आधी वही, मग लॅपटॉप. दुसरं म्हणजे, एखादा आकडा नसेल तर सरासरीच्या जागी नुसतं ‘एनए’ येतं. तो वगळ असं वेगळं सांगावं लागतं. सुरुवातीला ही कटकट वाटायची. आता पटतं, कारण गाळलेला आकडा गुपचूप गाळला जात नाही.

हे पटलं ते घरच्या आकड्यांवर. बाबांच्या डेअरीच्या वर्षभराच्या पावत्या मी दिवाळीच्या सुट्टीत भरून काढल्या. अकरा दिवसांच्या सापडल्याच नाहीत. बाबांचा प्रश्न एकच: पावसाळ्यात म्हशीच्या दुधाचं फॅट खरंच कमी लागतं का? सरासरीत फरक दिसतोय. हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, याची चाचणी ‘आर’मध्ये एका ओळीची आहे, तीही करून पाहिली आणि पडद्यावर पी-व्हॅल्यू नावाचा तिचा आकडा आला. पण ती चाचणी आम्हाला पुढच्या वर्षी आहे. ती नीट समजेपर्यंत बाबांना उत्तर सांगितलेलं नाही.