नऊ फूट एक इंचाचा लाँगबोर्ड, पत्ता नागपूर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ९ फूट १ इंच लांबीचा लाँगबोर्ड, म्हणजे समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करण्याची लांब फळी, विकत घेतला, आणि धरमपेठेतल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो मावत नाही हे तो दारात येऊन पडल्यावर मला कळले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो उभा-आडवा करत चौथ्या मजल्यावर नेत असताना शेजारचे काका दार उघडून बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी त्यांनी विचारले, ‘‘हे काय अंबाझरी तलावात चालवणार आहेस का?’’ प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त होता. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसाने स्वतःचा लाँगबोर्ड बाळगावा की किनाऱ्यावर जाऊन भाड्याने घ्यावा, याचा निर्णय करताना मला मराठीत कोणाचाच अनुभव वाचायला मिळाला नव्हता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बोर्डाची रुंदी २२.७५ इंच, जाडी ३ इंच आणि घनफळ सुमारे ७० लिटर आहे. आतला गाभा थर्मोकोलचा, वर काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी राळ, अशी त्याची बांधणी आहे. बोर्ड, बॅग, लीश (बोर्ड घोट्याला बांधून ठेवणारी दोरी) आणि फिन (बोर्डाच्या तळाला बसवायचा माशाच्या परासारखा कल्ला) धरून साठ हजारांच्या आसपास खर्च आला. माझे वजन ७४ किलो आहे आणि त्याआधी दोन वर्षे मी सुट्ट्यांमध्ये मऊ फोमच्या भाड्याच्या बोर्डांवर शिकत होतो. या अकरा महिन्यांत एकूण ४७ दिवस पाण्यात उतरलो. त्यांतले १४ दिवस जानेवारीत श्रीलंकेतील वेलिगामा येथे गेले आणि उरलेले ३३ दिवस चार खेपांत चेन्नईच्या दक्षिणेला कोवलम आणि महाबलीपुरम येथे. वेलिगामाला मात्र माझा बोर्ड नेता आला नाही, कारण विमान कंपनीच्या लांबीच्या मर्यादेत तो बसत नव्हता. तिथे मी भाड्याचे लाँगबोर्ड वापरले, आणि त्यामुळे तुलनेची सोय आपोआप झाली.

पाण्यातल्या वागणुकीबद्दल आधी लिहितो, कारण तिथे तक्रारीला फारशी जागा नाही. लहान बोर्ड उभ्या माणसाच्या वजनाने बुडू लागतो आणि त्याला वेग मिळण्यासाठी लाटेचा उतार बराच तीव्र व्हावा लागतो. लाँगबोर्डचे तसे नाही. लांब आणि रुंद तळामुळे तो हाताने वल्हवतानाच पाण्यावर सरकू लागतो, आणि लाट अजून नुसता फुगवटा असते तेव्हाच तिच्यावर आरूढ होतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरते त्या ठिकाणी लाट फुटते. वेलिगामाच्या उपसागराचा तळ वाळूचा आणि हळूहळू चढत जाणारा असल्यामुळे तिथली लाट एकदम कोसळत नाही, तिचा माथा सावकाश ओघळत येतो. असल्या कमरेएवढ्या, आळशी लाटांवर लहान बोर्ड घेऊन बसलेले तरुण हात मारून मारून दमत होते, आणि माझ्यासारखा चाळिशी ओलांडलेला, पोटाचा घेर राखून असलेला माणूस दर दुसरी लाट पकडत होता.

माझी पहिली मोठी चूक याच सुखात लपलेली होती. आपल्याला सर्फिंग येऊ लागले अशी माझी ठाम समजूत झाली होती. वेलिगामाला सहाव्या दिवशी एका सहप्रवाशाने किनाऱ्यावरून फोनवर माझे चित्रण केले, ते पाहिल्यावर भ्रम फिटला. चित्रणातला मी बोर्डाच्या मागच्या तिसऱ्या भागात दोन्ही पाय ताठ ठेवून, बसची वाट पाहणाऱ्या माणसासारखा उभा होतो आणि सरळ किनाऱ्याकडे येत होतो. लाटेच्या न फुटलेल्या भिंतीवरून आडवे सरकत जाणे हा ज्या खेळाचा गाभा आहे, तो खेळ मी जवळजवळ खेळतच नव्हतो. सातव्या आणि आठव्या दिवशी मुद्दाम साडेसात फुटांचा बोर्ड भाड्याने घेतला. दोन दिवसांत जेमतेम तीन लाटा मिळाल्या, पण आपण कुठे चुकतो ते स्पष्ट दिसले. मी उशिरा वल्हवायला लागत होतो, मान वळवून लाट न पाहता बोर्डाच्या नाकाकडे पाहत होतो, आणि उभे राहताना आधी गुडघा टेकत होतो. लाँगबोर्डने या तिन्ही चुका इतक्या उदारपणे पोटात घातल्या होत्या की मला त्या कधी जाणवल्याच नाहीत. लाँगबोर्ड नवशिक्यांसाठी सर्वांत सोपा असे सगळे सांगतात, ते खरे आहे. मात्र दर आठ-दहा दिवसांच्या सरावात एखादा दिवस आखूड बोर्डावर घालवावा आणि कोणाकडून तरी आपले चित्रण करून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

नागपुरात त्यानंतर केलेला सराव अगदी साधा होता. गच्चीवर सतरंजी टाकून, गुडघा न टेकता पोटावरून थेट पायांवर उठण्याची रोज तीस आवर्तने करायची आणि आठवड्यातून तीन वेळा पोहायला जायचे. फेब्रुवारीच्या अखेरीस कोवलमला गेलो तेव्हा या सरावाचा सर्वाधिक उपयोग खांद्यांना झाला, कारण लाँगबोर्डवर खरे श्रम लाटेच्या पलीकडे जाताना पडतात. लहान बोर्डाचे नाक खाली दाबून तो लाटेखालून काढता येतो. सत्तर लिटरचा बोर्ड पाण्याखाली दाबणे माझ्या वजनाच्या माणसाला शक्य नाही. लाट अंगावर येण्याआधी बोर्डाच्या दोन्ही कडा घट्ट धरून त्याच्यासकट उलटे व्हायचे, लाट बोर्डावरून जाऊ द्यायची आणि पुन्हा सुलटे व्हायचे, याला कासवाची कोलांटी म्हणतात. ती नीट जमायला मला अकरा दिवस लागले, आणि लाट छातीच्या वर गेली की ती आजही फसते.

बोर्डावर चालण्याबद्दलही प्रामाणिकपणे लिहायला हवे, कारण लाँगबोर्डच्या प्रत्येक जाहिरातीत कोणीतरी नाकाच्या टोकावर पायाची बोटे बाहेर काढून उभे असते. पुढे गेलेल्या माणसाच्या वजनाने बोर्ड नाकावर का बुडत नाही, हे मला बरेच दिवस कोडे होते. लाटेच्या भिंतीवर चढणारे पाणी बोर्डाच्या शेपटीवरून वाहत असते आणि तिला खाली दाबून धरते, आणि पुढच्या सपाट, किंचित खोलगट तळाला पाणी वर उचलून धरते. म्हणजे आधी शेपटी लाटेच्या उंच भागात अडकवून घ्यावी लागते, आणि मगच पावलावर पाऊल ओलांडत पुढे जाता येते. सत्तेचाळीस दिवसांत मी नाकापासून दोन फुटांपर्यंत तीनदा पोहोचलो. बोटे बाहेर काढण्याचा योग अजून आलेला नाही.

बोर्डासोबत मिळालेली एकच मोठी, १० इंचांची फिन पहिल्या दोन खेपांत मला फार जड वाटली. बोर्ड सरळ रेषेत उत्तम चालायचा, पण वळताना हट्ट करायचा. तळाच्या खाचेत फिन पुढेमागे सरकवता येते हे ठाऊक होते, पण त्या अर्ध्या इंचाने इतका फरक पडेल असे वाटले नव्हते. पुढे सरकवल्यावर बोर्ड मोकळा झाला, आणि पार मागे नेल्यावर पुन्हा घट्ट. मला सगळ्यांत मानवलेली जागा मध्याच्या किंचित पुढे आहे.

आता जमिनीवरचे हाल, कारण नागपूरकराला तेच अधिक कामाचे आहेत. रेल्वेच्या डब्यातल्या बर्थखाली नऊ फुटांची वस्तू ठेवण्याचा विचारही करू नये. नागपूरहून चेन्नईला थेट गाड्या आहेत आणि प्रवास साधारण सतरा-अठरा तासांचा आहे. पार्सल ऑफिसमध्ये आदल्या दिवशी जाऊन ब्रेकव्हॅनमध्ये बोर्ड चढवला, तेव्हा दोन्ही वेळा तो सुखरूप पोहोचला. नाक, शेपटी आणि कडा यांना जुन्या गादीचा फोम गुंडाळून त्यावर पुठ्ठा बांधला होता. एप्रिलमध्ये परत आणताना मात्र मी घाई केली आणि एका खासगी मालवाहतूकदाराच्या स्वाधीन केला. नागपुरात पोहोचला तेव्हा शेपटीच्या कडेला तळहाताएवढी भेग होती, आणि तक्रार केल्यावर ‘वस्तू नाजूक असल्याचे लिहिले नव्हते’ असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात ते मी तीन ठिकाणी लाल अक्षरांत लिहिले होते.

या भेगेच्या दुरुस्तीत एक गोष्ट शिकलो, ती इपॉक्सी बोर्ड घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी. नागपुरात फायबरच्या कूलरची आणि टाक्यांची कामे करणारे उत्तम कारागीर आहेत, तेव्हा अशाच एकाकडे बोर्ड न्यावा असे साहजिकच वाटले. परंतु ते वापरतात ती पॉलिस्टर राळ असते, आणि तिच्यातील स्टायरिन थर्मोकोलला विरघळवते. कारागिराला पटेना, म्हणून टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोलचा तुकडा आणून त्यावर त्याच्याच डब्यातली राळ ओतली. पाहता पाहता तुकड्याला भोक पडले आणि दोघेही गप्प झालो. शेवटी इपॉक्सी राळ आणि तिचे हार्डनर स्वतंत्रपणे मागवून त्याच्याच हाताने काम करून घेतले, आणि ते इतके सफाईदार झाले की किनाऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानेही वाखाणले. त्याआधी बोर्ड तीन दिवस भेग खाली करून उभा ठेवला होता, कारण गाभ्यात शिरलेले पाणी निघाल्याशिवाय वरून बुजवले तर ते आतच कोंडते.

त्यानंतर आला मे महिना. पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला आणि पश्चिमेच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या बोर्डावरचे, पाय घसरू नये म्हणून लावलेले मेण वितळून बॅगेच्या अस्तरात मुरले. उष्ण कटिबंधातल्या पाण्यासाठी मिळणारे सर्वांत कडक मेणही पाण्याच्या हिशेबाने केलेले असते, नागपूरच्या उन्हाळ्याच्या हिशेबाने नव्हे. मेणाचे नुकसान किरकोळ आहे. खरी भीती वेगळीच आहे. उष्णतेने गाभ्यातली हवा प्रसरण पावते आणि वरचा थर फुगून सुटू शकतो. माझ्या बोर्डाला हवा जाण्यासाठी छोटा स्क्रू आहे, तो सैल करून बोर्ड कूलरच्या खोलीत पलंगाखाली सरकवला. घरच्यांनी दोन महिने पलंगाच्या पायथ्याशी ठेचा खाल्ल्या. जूनमध्ये बोर्ड पुन्हा चेन्नईला गेला तो गेलाच. आता कोवलमजवळ एका सर्फ शाळेच्या सावलीतल्या मांडणीवर महिन्याच्या भाड्याने तो राहतो, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. पाण्यात उतरण्याआधी मात्र हवेचा तो स्क्रू घट्ट आवळायचा असतो. विसरलात तर सगळा गाभा पाणी पितो.

दोन्ही किनाऱ्यांचे ऋतू एकमेकांना पूरक आहेत, हे नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल हा चांगला काळ असतो, तर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मे ते सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा भरवशाच्या मिळतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला ईशान्य मोसमी पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ असल्यामुळे आमच्यासारख्यांनी घरी बसावे. जून-जुलैत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा पश्चिमेचा वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो आणि दुपारी समुद्रावरून वारा सुरू झाला की सगळे विस्कटते. म्हणून पहाटे साडेपाचला पाण्यात आणि नऊला इडलीपुढे, हा क्रम मी मोडला नाही. त्या इडलीपुढे बसून तर्री-पोह्यांची आठवण काढणे, हा माझा खासगी दुबळेपणा आहे.

वेलिगामाची लाट शिकण्यासाठी कोवलमपेक्षा चांगली आहे, पण जानेवारीतली गर्दी तापदायक आहे. फुटणाऱ्या भागाच्या सर्वांत जवळ असलेल्याची लाट, हा नियम सगळीकडे सारखाच असला तरी एका लाटेवर पाच-पाच जण उठताना पाहिले. अशा गर्दीत लाँगबोर्डवाल्याची जबाबदारी अधिक असते. तो सर्वांच्या आधी लाट पकडू शकतो, म्हणून त्याने प्रत्येक लाट घ्यावी असे नाही. आणि हातातून सुटलेला नऊ फुटांचा बोर्ड मागच्या माणसाचे दात पाडू शकतो.

याची प्रचिती मला जुलैत महाबलीपुरमला आली. लीशच्या घोट्यावरच्या पट्ट्याचे वेल्क्रो झिजले होते, हे दिसत असूनही मी ‘ही खेप निघेल’ असे म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी पट्टा सुटला आणि बोर्ड एकटाच किनाऱ्याकडे निघाला. तिथे कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या होत्या आणि दोन मुले पाण्यात खेळत होती. बोर्ड मुलांपासून दहा-बारा हातांवरून गेला आणि होडीच्या कडेवर आपटला. होडीमालक माझ्यावर ओरडला, आणि त्याचे काहीच चुकले नाही. लीश १९७० च्या दशकात रूढ झाली. त्याआधीचे सर्फर सुटलेल्या बोर्डामागे पोहत जात, पण तेव्हा किनारेही रिकामे असत. आता मी दर मोसमाला लीश बदलतो, बोर्डाच्या लांबीएवढी, म्हणजे ९ फुटांची घेतो, आणि कोळ्यांची जाळी ओढली जात असताना पाण्यात उतरत नाही.

टिकाऊपणाबद्दल सांगायचे तर अकरा महिन्यांत वरच्या बाजूला टाचांच्या दाबाचे सात-आठ उथळ खड्डे पडले आहेत, पण त्यातून पाणी शिरलेले नाही. तळावर एक ओरखडा आहे. फिनच्या खाचेतली छोटी धातूची पट्टी गंजली, ती बदलली. बोर्डासोबत आलेली बॅग मात्र अगदीच पातळ निघाली आणि तिची चेन खाऱ्या हवेने चौथ्या महिन्यात अडकली.

वर्षाला पंधरा दिवसांपेक्षा कमी समुद्र मिळणार असेल, तर नागपुरात राहणाऱ्याने लाँगबोर्ड विकत घेऊ नये. वेलिगामाच्या भाड्याच्या बोर्डांपैकी दोन तर माझ्या बोर्डापेक्षा सरस होते. तीस दिवसांच्या पुढे हिशेब बदलतो, कारण एकाच बोर्डाची सवय झाल्यावर पाय आपसूक योग्य जागी पडू लागतात. भाड्याच्या रोज बदलत्या बोर्डावर ते मला कधी साधले नाही. माझा बोर्ड मी बदलणार नाही. नऊ इंचांची फिन मात्र मागवली आहे, आणि कासवाची कोलांटी छातीवरच्या लाटेत जमली की नाही, ते पुढच्या जूनमध्ये कळेल.