शिशाच्या खाणीतलं क्वार्टर आणि माझे १,२५,५०० रुपये

नोकरीसाठी पैसे मागतो तो चोर, हे मलाही माहीत होतं. हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या.

फाइल चार्ज १५,०००. ट्रेनिंग सर्टिफिकेट आणि मेडिकल मिळून ४२,०००. क्वार्टरची अनामत ६८,५००, ती बायकोची पोत मोडून. राजस्थानात शिसे-जस्ताची खाण, शेजारी कामगारांसाठी नवीनच बांधलेलं गाव. खाण खरी होती, गावही खरं होतं.

एजंट अभ्यास करून आलेला. राजस्थानातल्या जावरला शेकडो वर्षांपूर्वी मातीच्या मुशींतून जस्त काढायचे, म्हणाला. मी शोधून पाहिलं, खरं निघालं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. मग त्याने पिशवीतून एक चमचमता दगड काढून माझ्या हातावर ठेवला. "गॅलेना आहे भाऊ. आपल्याच खाणीतला."

तिथंच उठायला पाहिजे होतं. माझे वडील तुमसरकडे मँगनीजच्या खाणीत होते. दगड तोलून माल ओळखायला मी पाढ्यांच्या आधी शिकलो. गॅलेना म्हणजे शिशाचा खनिज दगड, खरा असला तर पाण्याच्या साडेसात पट जड असतो, मुठीएवढा तुकडा मनगट खाली ओढतो. हा हातात आला तो बटाट्यासारखा. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. अभ्रक! "एवढा हलका कसा?" हे मनात आलं, आणि तोंडातून निघालं, "पैसे कधी भरायचे?"

दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाने काय करायचं होतं, तेही सांगा. गावातला एक पोरगा तिथे आधीच लागलाय, असं एजंटने शपथेवर सांगितलं होतं. तो पोरगा पुण्यात निघाला.

मेडिकल एका दुकानाच्या माडीवर झालं. उंची, वजन, बीपी, शिक्का. छातीचा एक्स-रे नाही, कानांची तपासणी नाही, आणि शिशाच्या खाणीत जायचं तर रक्ताचा थेंबसुद्धा घेतला नाही. मला वाटलं, बरं झालं, लवकर सुटलो. खाणीच्या नोकरीत ही तपासणी खाणमालकाने करून घ्यायची असते. तुमच्या खिशातून पैसे मागितले की चप्पल घाला आणि निघा.

वसाहतीत पोचलो. एकाच पिवळ्या रंगाच्या रांगा, झाड एकही नाही, टँकरपाशी हंड्यांची ओळ. माझ्या नंबरच्या दाराला कुलूप नव्हतं. आत एक बाई भाकरी थापत होती. माझ्या हातातली किल्ली बघून म्हणाली, "भैया, इस महीने तुम तीसरे हो."

परतीचं भाडं नव्हतं, म्हणून ठेकेदाराकडे ५५० रोजाने १९ दिवस कारखान्यात राबलो. तिथे दगड दळून पाण्यात फेसाळतात आणि काळ्या फेसाबरोबर शिसं वर येतं. पहिल्या दिवशी तसाच जेवायला बसलो तर एका म्हाताऱ्या कामगाराने डबा ओढून घेतला. "पहले हाथ धो. सीसा हड्डी में बैठता है." त्या गावात माझ्याशी सरळ बोललेला तो एकटा. कामाचे कपडे घरी नेऊ नका, हेही त्यानेच सांगितलं. धूळ लेकरांच्या पोटात जाते.

आता साहेबलोक. इथलं ठाणं म्हणे, प्रकार राजस्थानातला, तिकडे जा. तिकडचे म्हणे, पैसे महाराष्ट्रात दिले, तिकडे जा. अहो, झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेतात, कायदा तुमचाच आहे! हे बोललो तर बाकावर चार तास. कामगार कार्यालयात, "तुम्ही कंपनीचे कामगारच नाही, मग तक्रार कसली?" गेटवर सुपरवायझरने पावती उलटी धरून वाचली. मराठी अर्ज परत, हिंदीत आणा. हिंदीत नेला तर साहेब रजेवर. १९३० या ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे जाऊन दोन महिने झाले होते. तुम्ही त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात करा.

पावतीवर "सेवा शुल्क" लिहिलेलं दिसलं तर सही करू नका. माझ्या पावतीवर तेच आहे, आणि पोलीस तेच बोटाने दाखवतात.

एजंटच्या व्हॉट्सॲपवर अजून त्या वसाहतीच्या कमानीचा फोटो आहे. पैसे भरलेल्यांनी लाजेपायी पावत्या फाडू नका. आतापर्यंत आम्ही तिघे सापडलोय, त्यातल्या एकाकडे माझ्याच क्वार्टरची किल्ली आहे.