नोराचे पत्र की नोराचा प्रवेश?

इब्सेनच्या १८७९ मधील ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकावर नववीच्या मुलांनी नायिका नोराच्या नावाने पत्र लिहावे की नाटकातला एखादा प्रवेश बसवावा, असा प्रश्न बडोद्यातील एका मराठी शिक्षिकेला पडला आहे.

पत्राला खर्च नाही, दोन तासिका पुरतात, आणि संहिता बारकाईने वाचावीच लागते. कारण घर सोडताना नोरा आपल्या नवऱ्याला, हेल्मरला, तिला पत्र लिहिण्यासही मनाई करते, त्यामुळे तिने लिहिलेच तर ते कोणाला, स्वतःच्या मुलांना की मैत्रिणीला, हे विद्यार्थ्याला पुराव्यानिशी ठरवावे लागते. माझ्या मते खरा अभ्यास इथेच होतो.

प्रवेशाला तालमी लागतात आणि धीट मुलेच पुढे येतात; मात्र घराबाहेर दिवसभर गुजराती बोलणाऱ्या मुलांची मराठी संवादांतून मोकळी होते.

वाचन पक्के करायचे असल्यास पत्र निवडावे. बोलीचा संकोच घालवायचा असल्यास, आणि सवड असल्यास, प्रवेश.