पायथनमध्ये थ्रेड घ्यायचे की प्रोसेस?

पायथनमध्ये एकावेळी बरीच कामं करायची म्हटलं की थ्रेड (एकाच प्रोग्रामच्या आत चालणारे कामाचे धागे) घ्यायचे की प्रोसेस (स्वतंत्र चालणारे प्रोग्राम) हा प्रश्न येतोच, आणि खरं सांगायचं तर तुमचा प्रोग्राम वाट बघत बसतो की डोकं चालवतो यावर उत्तर ठरतं. २०० वेबपेजं डाउनलोड करायचीत? सरळ थ्रेड घ्या, कारण नेटवर्ककडून उत्तर येईपर्यंत थ्रेड 'गिल' (GIL) नावाचं कुलूप, जे हातात असेल तोच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो, ते सोडून देतो आणि तेवढ्यात दुसरा आपलं काम उरकतो. थ्रेड हलके, मेमरी सगळ्यांची एकच, डेटा इकडून तिकडे पाठवायची भानगडच नाही. पण गोची पण तिथंच आहे ना, दोन थ्रेडनी एकच काउंटर वाढवला तर कधीकधी एक वाढ गायबच होते, कारण वाचणं, मिळवणं आणि परत लिहिणं या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, त्यामुळे लॉक लावावाच लागतो. मी एकदा साध्या लूपने प्राइम नंबर शोधायला ८ थ्रेड लावले होते, वेळ तेवढाच लागला, उलट थोडा जास्तच! गिल एका वेळी एकालाच पायथनचा कोड चालवू देतं, मग ८ काय नि ८० काय.

असल्या हिशेबाच्या कामाला मल्टिप्रोसेसिंगच (म्हणजे अनेक प्रोसेस वापरणं) बरं. प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्राम), स्वतःचं गिल, म्हणजे सगळे कोर खरंच राबतात. फक्त सुरू व्हायला वेळ लागतो, मेमरी जास्त खातं आणि डेटा पिकल करून, म्हणजे बाइट्समध्ये बदलून, पाठवावा लागतो (हे कैरीचं लोणचं नव्हे).

बाकी २०२४ च्या ३.१३ व्हर्जनपासून गिलशिवायचा वेगळा बिल्ड (पायथनचीच वेगळी तयार आवृत्ती) मिळतो, पण तुमच्या लायब्ररी त्यावर चालतात का ते आधी बघा.