नऊ महिने वापरलेलं टर्नटेबल : वेगाचा वाद आणि शंभर फेरे

चौथ्या महिन्यात कुणी या टर्नटेबलबद्दल, म्हणजे तबकड्या वाजवायच्या यंत्राबद्दल, विचारलं असतं तर ‘अजिबात घेऊ नका’ असंच मी सांगितलं असतं. आता नववा महिना संपत आलाय आणि माझं मत बदललंय. पण ते यंत्राबद्दलचं. सर्व्हिसबद्दलचं मत होतं तिथेच आहे, उलट जास्त पक्कं झालंय.

बेल्ट ड्राइव्ह (मोटर पट्ट्यानं थाळी फिरवते), डीसी मोटर, मिनिटाला ३३ आणि ४५ फेरे असे दोन वेग, सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवणारा फोनो प्रीअॅम्प आतच. ३०-३५ हजारांतली सगळी यंत्रं साधारण अशीच असतात, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी ३२,००० मोजले आणि त्यासाठी दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होतो, म्हणून यातला प्रत्येक रुपया मला आठवतो.

आवाजाबद्दल तक्रार नाही. डबल बासचा खर्ज भरून येतो, ब्रशने वाजवलेला ड्रम खोलीतच कुणी वाजवतंय असा वाटतो. आम्ही चौघं रविवारी सकाळी आमच्याकडे ठाण्याला जमतो. प्रत्येकानं दोन तबकड्या आणायच्या, पोहे-चहा आमच्या घरचा. आमच्यातले सगळ्यात थोरले १९७८ ची पहिली ‘जॅझ यात्रा’ (जॅझ संगीताचा महोत्सव) मुंबईत स्वतः ऐकून आलेले. ट्रम्पेट सुरू झाला की ते हमखास चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाकडे वळतात. खरं नाव अँटोनिओ झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा माणूस, ज्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मग गोव्याच्या वादकांनी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत काय काय केलं यावर तासभर जातो, मध्येच कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या सोसायटीतल्या पाण्याचे टँकर. या बैठकांसाठीच मी यंत्र घेतलं.

आणि अशाच एका बैठकीत आई आतून म्हणाली, “सूर चढलाय रे हा.”

आई पस्तीस वर्षं गाणं शिकवते. तबकडी होती अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, जुनी अमेरिकन प्रत, चोर बाजारात मटण स्ट्रीटवर घासाघीस करून २,२०० ला मिळालेली. पहिलीच रचना, ‘सो व्हॉट’. ती पांढरी दोनची (पेटीवरच्या पट्टीच्या हिशेबात). मधले आठ बार, म्हणजे आठ आवर्तनं, काळी दोनवर चढतात आणि परत खाली येतात. आईनं मोबाइलवरचा तानपुरा पांढरी दोनवर लावला आणि बाहेर येऊन उभी राहिली. बासची सुरुवातीची ओळ त्या तानपुऱ्यावर बसेना. पांढरी दोनच्या वर, काळी दोनच्या खाली, मध्येच कुठेतरी. एकदा ते कानात शिरल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना. ३२,००० चं यंत्र आणि बेसूर! तबकडी वेगानं फिरली की सूर चढतो, म्हणून संशय यंत्राच्या वेगावरच.

वॉरंटी चालू होती. तरीही ‘व्हिजिट चार्ज’ म्हणून ७५० रुपये आधी भरायला लावले. टेक्निशियन आला, प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या थाळीवर, वेग तपासायची रेघांची स्ट्रोब डिस्क ठेवली, आमच्या हॉलमधल्या ट्यूबखाली फिरवली. वेग बरोबर असला की लुकलुकत्या उजेडात रेघा थांबलेल्या दिसतात. रेघा भराभर पुढे पळत होत्या. “साहेब, खूप फास्ट आहे,” म्हणत त्यानं खालचा स्क्रू फिरवायला घेतला. फिरवत फिरवत अगदी टोकाला नेला, रेघा काही थांबेनात. “यापेक्षा कमी होत नाही, आता ओके आहे,” असं सांगून सही घेतली आणि गेला.

त्यानंतर सगळ्याच तबकड्या उतरल्या. जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन आजारी माणसासारखा वाजायला लागला. फोन केला तर उत्तर एकच, ‘आमच्या रिपोर्टमध्ये स्पीड नॉर्मल आहे.’ तीन ईमेल, दोन तक्रार क्रमांक, आणि शेवटी ‘पुन्हा माणूस पाठवायचा तर पुन्हा ७५०’. तेव्हा मी ठरवलं की स्वतः मोजायचं.

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण कुणाचे तरी ७५० वाचतील. एलपीचा (मोठ्या तबकडीचा) वेग मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे. म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. प्लॅटरच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, तबकडीवर सुई टेकवूनच ठेवा (सुईचा भार असताना मोजलं तरच खरं), आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावा. मी दोनदा मोजायला बसलो आणि दोन्ही वेळा सत्तरच्या पुढे चुकलो. मग आई समोर बसली आणि कपट्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक मात्रा धरून हातावर सोळा मात्रांचा तीनताल देऊ लागली. मोबाइल वाजला त्या क्षणी तिचं सहावं आवर्तन पुरं झालं होतं. सोळा सख ९६. चार फेरे कमी. चार टक्के मंद, म्हणजे सूर अर्ध्या स्वराहून थोडाच कमी उतरलेला.

मग ती डिस्क. तिचा फोटो मी जाता जाता काढून ठेवला होता. रेघा मोजल्या, २१६. इथेच सगळा घोळ होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, मिनिटाला ६,०००. त्याला ३३ आणि एक तृतीयांशानं भागलं की १८० येतात. आपल्या विजेवर १८० रेघांचंच वर्तुळ स्थिर दिसतं. २१६ रेघा अमेरिकेतल्या ६० हर्ट्झसाठी. आपल्या ट्यूबखाली ते वर्तुळ थांबायला प्लॅटर मिनिटाला २८ हून कमी फेऱ्यांवर आणावा लागेल! त्या मुलाला दोष देत नाही, त्याच्या हातात दिलं ते त्यानं वापरलं. पण देशभर सर्व्हिस देणाऱ्यांनी आपल्या माणसाला परदेशी विजेची डिस्क देऊन पाठवावं आणि हे दाखवून दिल्यावरही ७५० परत करू नयेत, याचा राग मला आजही आहे. पैसे मिळालेले नाहीत.

मी १८० रेघांचं वर्तुळ कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून दहा रुपयांत छापून आणलं. चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा नुसत्या धूसर दिसतात, जुनी ट्यूबच लागते. आमच्या हॉलमध्ये अजून ती आहे. स्क्रू केसाएवढा केसाएवढा मागे आणत रेघा थांबवल्या. पुन्हा तीन मिनिटं. सहा आवर्तनं आणि वर चार मात्रा. शंभर.

मोठ्या आशेनं तीच तबकडी लावली. बास सुरू झाला आणि आईनं मान हलवली. अजूनही चढा.

त्या रात्री मी यंत्र विकायचं ठरवलं होतं, गिऱ्हाईकही डोक्यात होतं. केवळ बाजू संपली म्हणून तबकडी उलटली. दुसऱ्या बाजूवर पहिली रचना ‘ऑल ब्लूज’, ती पांढरी पाचची. आईनं तानपुरा बदलला आणि ट्रम्पेट त्यावर असा येऊन बसला की आम्ही दोघं काही बोललोच नाही. तेच यंत्र, तोच वेग, तीच तबकडी. एक बाजू चढी आणि दुसरी चोख. म्हणजे चूक यंत्रात नव्हती.

चूक १९५९ ची होती. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्चला न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाल्या आणि त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होतं. मंद चाललेली टेप योग्य वेगानं वाजवली की सूर चढणारच. दुसऱ्या बाजूचं काम २२ एप्रिलचं, ते ठीक आहे. पहिल्या दिवशी जोडीला चालू असलेल्या दुसऱ्या टेपयंत्राचा वेग बरोबर होता, आणि ती टेप वापरून १९९२ च्या आवृत्तीत सूर जागेवर आणले गेले. त्याआधीची तेहेतीस वर्षं जगभर लोकांनी ही बाजू चढीच ऐकली. कितीतरी जणांनी तिच्याबरोबर वाजवून पाहताना आपलंच वाद्य उतरलंय असं समजून पिळलं असेल. आमच्यातल्या एकाकडे नवीन प्रत आहे. ती पुढच्या रविवारी लावली आणि बासची ओळ पांढरी दोनवर तंतोतंत बसली.

म्हणून यंत्राबद्दल आधी जे बोललो ते मागे घेतो. ज्यावरून त्याला बोल लावला, ते त्यानं प्रामाणिकपणे वाजवून दाखवलं होतं.

सातव्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, बेल्ट सैल पडला. सुरुवातीचे काही फेरे अडखळत, मग लय सापडे, आणि पियानोचे लांबवलेले सूर हलायचे. बिल एव्हान्सचा पियानो ऐकताना हे सहन होत नाही. कंपनीचा बेल्ट १,९०० रुपये, चार आठवडे थांबायचं, शिवाय व्हिजिट. लॅमिंग्टन रोडला त्याच मापाचा बेल्ट २८० ला मिळाला. एक लक्षात ठेवा, तो जरासा जाड होता, आणि जाड बेल्टनं प्लॅटर थोडा वेगानं फिरतो. तीन मिनिटांत १०१ भरले. स्क्रू पुन्हा लावून घेतला. दोन महिने झाले, त्रास नाही. नवा बेल्ट घालताना प्लॅटरची कडा आणि मोटरची पुली स्पिरिटनं पुसून घ्या, हाताचं तेल लागलं की घसरतो.

बाकी किरकोळ. झाकणाची बिजागरी ढिली आहे. आतला प्रीअॅम्प चालण्यासारखा आहे, लगेच वेगळा घ्यायची गरज नाही. सुई बदलायला अजून वेळ आहे. पावसात कव्हरांना बुरशी धरते, पण तो आपल्या हवेचा दोष. कपाटात तबकड्या उभ्या आणि सुट्या ठेवा, वाळवायला म्हणून उन्हात कधीही ठेवू नका, वाकतात.

घ्यावं का? हातात स्क्रू ड्रायव्हर धरायची तयारी असेल तर घ्या. सर्व्हिसच्या भरवशावर घेणार असाल तर नका घेऊ.

नवीन प्रतवाला मित्र अदलाबदल करायला तयार होता, वर हजार रुपये देत होता. मी जुनीच ठेवली. आता रविवारी ती तबकडी निघाली की आई मोबाइल घेऊन बाहेर येते, तानपुरा पांढरी दोनवर लावते, बारीक सुराची पट्टी किंचित वर सरकवते आणि म्हणते, “हं, लाव आता.”