पावतीवर लिहिले होते ‘समुपदेशन शुल्क’

प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन मला आठ महिने झाले होते. पीएसए (या कर्करोगावर लक्ष ठेवणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा) अगदी खाली आला होता, पण गेलेली ताठरता काही परतत नव्हती. हा विषय सौभाग्यवतींपाशी काढायलाही जीभ रेटत नाही, आणि नेमका हाच संकोच हेरून बसलेली मंडळी पुण्यात आहेत, हे दीड लाख रुपये गेल्यावर मला कळले.

डेक्कनजवळच्या एका दवाखान्यातील गृहस्थांनी टेबलावरच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर पेन फिरवत सांगितले की, पोटरीतील नस (मज्जातंतू) काढून ताठरता आणणाऱ्या, तुटलेल्या नसेच्या जागी जोडू आणि तीन महिन्यांत तुम्ही पूर्ववत व्हाल. माझी फाइल मांडीवरच्या कापडी पिशवीत होती. ती उघडायला त्यांनी सांगितले नाही, आणि मलाही ते खटकले नाही. नव्वद हजार आगाऊ घेतल्यानंतर ‘मुंबईचे सर्जन’ तीन वेळा आले नाहीत. दरम्यान ‘नसांची तयारी’ म्हणून शॉकवेव्हच्या (ध्वनिलहरींच्या झटक्यांच्या) सहा बैठका झाल्या, प्रत्येकी दहा हजारांच्या.

शेवटी माझ्या मूळ यूरोलॉजिस्टांकडे गेलो. त्यांनी शस्त्रक्रियेच्या टिपणातील एका ओळीवर बोट ठेवले: दोन्ही बाजूंच्या नसा राखल्या आहेत. “काका, तुमच्या नसा कापलेल्याच नाहीत, दुखावल्या आहेत. जोडायचे काय?” अशा नसा सावरायला दीड-दोन वर्षेही लागतात, तोवर गोळ्या, व्हॅक्यूम पंप किंवा इंजेक्शन, आणि कशानेच भागले नाही तर लिंगात बसवायचे इम्प्लांट. पोटरीची नस जोडण्याची शस्त्रक्रिया खरोखर केली जाते, पण जोडलेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे तीन महिन्यांचा वायदा मुळातच खोटा होता. शिवाय, एका बाजूची नस काढावी लागलेल्या रुग्णांवरील 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा जोडकामाचा फायदा दिसला नव्हता. फाइल वाचायला त्यांना चार मिनिटे लागली.

पैसे परत मागायला गेलो, तर पावती माझ्याच पुढे सरकवण्यात आली. तिच्यावर ‘समुपदेशन शुल्क’ एवढेच होते. शस्त्रक्रियेचा उल्लेख नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नाही. तो क्रमांक पहिल्याच भेटीत मागून महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पडताळायला हवा होता. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतो आहे. वकिलांना बँकेचे उतारे हवे आहेत, पण साठ हजार मी रोखीने दिले होते, कारण पासबुक सौभाग्यवती भरून आणतात.